टाऊवाले सर

"शेवटी काय हो, दोन्ही एकच." हे वाक्य आमच्या सोसायटीत जपून बोलावं लागतं. बी विंगमधले सर आसपास असले, तर ते हवेतल्या हवेत झेलतात, चष्मा कपाळावर सरकवतात आणि विचारतात, "एकच? कुणी ठरवलं? पाहणारा कोण होता?" मग मंडईतून निघालेला माणूस पाऊण तास उशिरा घरी पोचतो आणि तोवर पिशवीतल्या कोथिंबिरीनं मान टाकलेली असते.

सर म्हणजे कॉम्प्युटरशास्त्रातल्या एका मोठ्या जमातीचे आमच्या वाट्याला आलेले प्रतिनिधी. दोन यंत्रणा सारख्या वागतात असं केव्हा म्हणायचं, या एका प्रश्नावर ही जमात चाळीस-पंचेचाळीस वर्षं पोसली गेली आहे. मूळ पीठ एडिंबरा. पिसा, बर्लिन, ॲमस्टरडॅम इथे दाट वस्ती. आपल्याकडे चेन्नईत बरी संख्या, पुण्या-मुंबईकडे तुरळक. बाहेरून ही माणसं चारचौघांसारखीच दिसतात. म्हणजे, सर लगेच दुरुस्त करतील, चारचौघांनी बाहेरून पाहिलं तर.

जमातीचा आद्य दृष्टांत चहाच्या यंत्राचा. एका यंत्रात नाणं टाकलं की दोन बटणं उजळतात, चहाचं आणि कॉफीचं. हवं ते दाबा. दुसऱ्या यंत्रात नाणं आत पडता पडता यंत्रच ठरवून टाकतं की आज यांना चहा, किंवा आज कॉफी, आणि एकच बटण उजळतं. आता दोन्ही यंत्रांच्या नोंदी काढा. इकडे 'नाणं, चहा' आणि 'नाणं, कॉफी', तिकडेही तेच. नोंदवही तपासणाऱ्या ऑडिटरच्या लेखी दोन्ही यंत्रं एक. पण कॉफीसाठी तळमळत उभ्या असलेल्या माणसाला विचारा! निवड नाणं पडल्यावरही शिल्लक आहे, की नाण्याबरोबरच संपली? एवढासा फरक, आणि त्यावर ग्रंथांची कपाटं. सर हा दृष्टांत मुंजीत सांगतात, बारशात सांगतात. एका दहाव्याला, कावळ्याची वाट पाहत सगळे ताटकळले असताना, त्यांनी तो घाटावर गुरुजींना सांगितला. गुरुजींनी तो शेवटपर्यंत ऐकला, कारण कावळा येत नव्हता.

मात्र या दृष्टांताचा प्रत्यक्ष उपयोग होतानाही मी पाहिला आहे. ए विंगमधल्या एका मुलाचा इंजिनिअरिंगचा प्रवेश चालला होता. एका कॉलेजचं म्हणणं, आधी फी भरा, शाखा नंतर कळवू. कॉम्प्युटरही आहे, सिव्हिलही आहे. दुसरीकडे फी भरल्यावर मुलानं आपली शाखा आपण निवडायची. वडील म्हणाले, "फी तीच, शाखा त्याच दोन. एकच की." सर त्या वेळी जिन्यात होते. ते तसेच आत शिरले. "फी आणि कॉम्प्युटर, नाहीतर फी आणि सिव्हिल. नोंद दोन्हीकडे हीच होणार, कबूल. पण फी भरल्यावर बटणं किती उजळणार?" वडिलांना बटणं कळली नाहीत, पण पोरगा समजला. तो दुसऱ्या कॉलेजात गेला आणि तिथे त्यानं आपण होऊन सिव्हिल घेतलं. वडील अजून सरांशी बोलत नाहीत. सरांना त्याचं काही नाही. बटणं दोन उजळली, एवढं त्यांना पुरलं.

नुसत्या नोंदींवर भिस्त ठेवायची नाही, तर वागणं तपासायचं कसं? त्यासाठी या लोकांकडे एक खेळ आहे. एकानं चाल करायची, दुसऱ्यानं तशीच चाल करून दाखवायची. अडला तो हरला. हा खेळ सरांनी सोसायटीच्या बागेत खेळून दाखवला, डी विंगमधल्या जुळ्यांना घेऊन. वॉचमनला त्या दोघांतला फरक कळत नाही. खरं तर कुणालाच कळत नाही. बागेत शेजारीशेजारी दोन घसरगुंड्या आहेत. थोरला घसरगुंडीवर चढतो आणि घसरतो. धाकटा चढतो, कधी घसरतो, कधी वरच बसून राहतो. मग खालून हाका मारा, जेवायला बोलवा, ढिम्म. सरांनी आधी धाकट्याला पुढे घातलं. तो चढला, थोरला चढला. धाकटा वर बसला. त्याच्या मागोमाग करण्यासारखं काही उरलंच नाही. थोरला पास. मग थोरल्याला पुढे घातलं. तो चढला आणि घसरला. धाकट्याला त्या दिवशी लहर होती, तोही चढला आणि घसरला. पास. दोघांनाही एकमेकांची नक्कल बिनचूक जमते, हे सिद्ध झालं. त्यांची आई म्हणाली, "झालं ना? आता अभ्यासाला सोडा."

"थांबा," सर म्हणाले, "आता डाव चालू असताना बाजू बदलायची." धाकटा चढला आणि वर बसला. थोरला त्याच्यामागे चढला. इथे सरांनी बोट फिरवलं ते थोरल्याकडे. "आता तू चाल कर." थोरला घसरला. सगळ्यांच्या नजरा धाकट्यावर. धाकटा बसून. सर जवळजवळ नाचलेच. "वेगळे! दोघे वेगळे!" आई म्हणाली, "ते मला जन्मल्यापासून माहीत आहे. पाळण्यातसुद्धा हा असाच करायचा."

मध्येच बाजू बदलू देणाऱ्या या कडक निकषाचं नाव बायसिम्युलेशन. त्याची जन्मकथा सर सत्यनारायणाच्या पोथीसारखी सांगतात. मध्ये उठलेलं चालत नाही. रॉबिन मिलनर नावाचे इंग्रज गृहस्थ एडिंबरा विद्यापीठात होते. १९८० साली त्यांनी सीसीएस, म्हणजे एकमेकांशी बोलत काम करणाऱ्या यंत्रणांचं गणित, पुस्तकात मांडलं. पुस्तक ताजं असताना वॉरिक विद्यापीठाचे डेव्हिड पार्क त्यांच्या घरी मुक्कामाला होते. एका सकाळी पाहुणे न्याहारीला आले ते यजमानांचंच पुस्तक हातात घेऊन, आणि म्हणाले, यात काहीतरी चुकलं आहे. (इथे सर आपल्या बायकोकडे, म्हणजे आमच्या काकूंकडे पाहतात. आपल्याकडे असले पाहुणे येत नाहीत, ही त्यांची जुनी तक्रार आहे.) मिलनर पायरी पायरीनं चढत होते: एका चालीपर्यंत सारखे, दोन चालींपर्यंत सारखे, तीन, अशा सगळ्या पायऱ्या पार केल्या की सारखे. पार्कनी दाखवलं की एकाच जागेवरून अगणित वाटा फुटत असतील, तर सगळ्या पायऱ्या पार करूनही फरक निसटू शकतो. त्यापेक्षा दुसऱ्या टोकानं या. आधी जोड्या लावून मोकळे व्हा. मग कुणीही कोणतीही चाल केली तरी जोडी फुटत नाही, एवढं दाखवा. पकडले जात नाहीत तोवर सारखे. मग दोघं टेकड्यांवर फिरायला गेले आणि चालता चालता बारसं उरकलं. पार्कना नकलेच्या अर्थाचा छोटा शब्द हवा होता. 'बायसिम्युलेशन' फार लांबडा, असं ते म्हणाले. त्यावर मिलनरचं उत्तर, गायला सोपा आहे. सर तो खरोखर गाऊन दाखवतात. भूपात.

पार्क यांचा निबंध १९८१ साली छापून आला. मिलनरना १९९१ साली ट्युरिंग पुरस्कार मिळाला. त्यांनी स्वतः पीएचडी केलेली नव्हती. त्यांच्या व्याख्यांवर इतरांनी किती केल्या त्याला गणती नाही. त्यांतली एक सरांची.

इतका काटेकोरपणा परवडतो कसा, असं मी एकदा विचारलं. सरांचा चेहरा असा उजळला की मला ऑफिसला उशीर होणार हे कळून चुकलं. गंमत अशी आहे की मर्यादित अवस्थांच्या यंत्रणांमध्ये नुसत्या नोंदी जुळतात का, हा सैल निकष तपासणं महाकठीण. यंत्रणा जरा मोठी झाली की कॉम्प्युटर गुडघे टेकतो. आणि बायसिम्युलेशनसारखा कडक निकष झरझर तपासून होतो; पेज आणि टार्जन यांनी १९८७ साली त्यासाठी लागणारी फार चपळ रीत दिली. "म्हणजे काय," सर म्हणाले, "काटेकोर माणूस स्वस्तात पडतो." आतून काकूंनी भांडं आपटलं. त्यांचा हिशेब निराळा असावा.

सैल आणि कडक यांच्या मधल्याही पायऱ्या आहेत. रॉब व्हान ग्लाबेक या डच संशोधकानं त्या सगळ्या एका पटावर मांडल्या. यंत्रणेच्या आतल्या हालचाली बाजूला ठेवल्या तरी २००१च्या त्याच्या मांडणीत पंधरा वेगवेगळे सारखेपणे उरतात. हा पट सरांच्या दिवाणखान्यात लावलेला आहे, जिथे इतरांकडे पंढरपूर असतं. वार्षिक सभेत सिक्युरिटीची दोन कोटेशनं आली आणि अध्यक्ष म्हणाले, दोन्ही सारखीच आहेत. सर उभे राहिले, "पंधरापैकी कोणत्या अर्थी?" तेव्हापासून सभेच्या नोटिशीत 'आयत्या वेळचे विषय' हे कलम येत नाही.

पण आता खरी गोष्ट, म्हणजे टाऊ. यंत्रणेच्या आतल्या आत जे घडतं आणि बाहेरच्याला दिसत नाही, त्या हालचालीला मिलनरनी टाऊ हे ग्रीक अक्षर दिलं. आणि एवढा काटेकोर माणूस टाऊच्या बाबतीत मात्र कमालीचा उदार. आत काय चाललं आहे याच्याशी त्याला कर्तव्यच नाही. आमच्या सोसायटीत कोण कुणाशी लग्न करतं, कोण काय शिजवतं, कुणाच्या घरी रात्री कोण येतं, या चौकशा न करणारे सर हे एकमेव ज्येष्ठ नागरिक आहेत. "बाहेरून फरक पडला का? नाही ना? मग टाऊ." तिसऱ्या मजल्यावर लग्नाशिवाय राहणाऱ्या जोडप्याला खोली खाली करायला लावायची असा ठराव आला, तेव्हा विरोधात पडलेलं एकुलतं एक मत सरांचं होतं. त्यांनी कारण दिलं, "निरीक्षणक्षम नाही." जोडप्याला अजून वाटतं की सर पुरोगामी आहेत.

हीच उदारता घरात नडली. काकू एकदा वैतागून म्हणाल्या, "सकाळपासून काय काय केलं मी, काही कळतं का? पीठ दळून आणलं, गॅसवाल्याची वाट पाहिली, तुमच्या बँकेचे फॉर्म भरले, पोळ्या केल्या." सर वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाले, "टाऊ, टाऊ, टाऊ, पोळी." त्या दिवशी रात्रीपर्यंत काकूंच्या हातून नुसते टाऊच होत राहिले. पोळी आली नाही. आता शास्त्र सांगायचं तर, यंत्रणा आतल्या आत कायम फिरत राहिली आणि बाहेर काहीच आलं नाही, तर एडिंबरा पंथाचा सौम्य निकष तिकडे काणाडोळा करतो. गप्प बसलेली यंत्रणा आणि ही, त्याला दोन्ही सारख्या. ऑक्सफर्डच्या टोनी होअर यांच्या सीएसपी पंथात मात्र हे महासंकट समजतात. एकदा ते सुरू झालं की त्या यंत्रणेबद्दल कशाचीही खात्री देत नाहीत. त्या रात्री सर ब्रेडचा पुडा आणायला खाली उतरले तेव्हा मला भेटले. होअर यांच्याकडे आपण नीट लक्ष दिलं नव्हतं, असं म्हणाले.

टाऊची दुसरी खोड जास्त खोल आहे. ती त्यांनी मला समजावली, तीही काकूंच्याच आधारानं. काकू 'नाटकाला जाऊ या' म्हणतात. त्या चटकन म्हणाल्या काय, किंवा आधी मनाशी काही ठरवून मग म्हणाल्या काय, बाहेरच्याला फरक शून्य. इथवर ठीक. पण त्या 'नाटक, की सिनेमा?' असं विचारतात तेव्हा? मनात काही ठरलं नसेल तर दोन्ही दारं उघडी. मनात नाटक ठरून गेलं असेल, म्हणजे तो एक टाऊ घडून गेला असेल, तर सिनेमाचं दार बंद झालं. आणि बंद होताना आवाजही झाला नाही. तुम्ही उमेदीनं 'सिनेमा' म्हणता. एकेकटं पाहिलं तर सारखं, पर्यायाशेजारी बसवलं की वेगळं. मिलनरनाही हा खड्डा बुजवण्यासाठी निकष आवळून घ्यावा लागला. जे खरोखर सारखं आहे ते कुठेही नेऊन बसवलं तरी सारखंच राहिलं पाहिजे, ही या जमातीची सगळ्यात मोठी हाव. सर त्याला काँग्रुअन्स म्हणतात. बाकी, त्या दिवशी ते नाटकाला गेले.

आतापर्यंत सांगितलं ते सूत्रं लिहिणाऱ्यांचं. जमातीची दुसरी शाखा चित्रं काढणाऱ्यांची: ठिपके, त्यांना जोडणाऱ्या रेघा, आणि चित्राचा एक तुकडा काढून त्या जागी दुसरा बसवण्याचे नियम. त्याला ग्राफ ट्रान्सफॉर्मेशन म्हणतात. १९७३ साली एरिग, फेंडर आणि श्नायडर यांनी त्याची बीजगणिती रीत घालून दिली आणि बर्लिन हे तिचं माहेर झालं. या रीतीत, जिला डबल पुशआउट म्हणतात, एक सोवळं फार कडक आहे. नियमात एखादा ठिपका पुसा म्हटलं असेल, पण त्याला नियमात न सांगितलेली एखादी रेघ चिकटलेली असेल, तर नियम लावायचाच नाही. रेघ लोंबकळत ठेवणं महापाप. पुढे सिंगल पुशआउटचा पंथ निघाला. ते म्हणतात, ठिपका गेला की त्याच्या रेघा आपोआप गेल्या. रडत कशाला बसायचं?

हे मला कसं ठाऊक? आमच्या आवारात एक गंजका लोखंडी खांब होता. तो काढायचं ठरलं. सर सभेत उभे राहून म्हणाले, "ठरावात फक्त खांब आहे. खांबाला काय काय जोडलंय ते ठरावात कुठेय? हा ठराव लागूच होऊ शकत नाही." सेक्रेटरी म्हणाले, "खांब काढा." खांब निघाला. त्याबरोबर सी विंगचं केबल, दोन विंगांचं इंटरनेट आणि एका आजींची वाळत घातलेली नऊवारी, असं सगळंच निघालं. लोक सेक्रेटरींवर तुटून पडले. सर तेवढे शांत होते. "त्यांचं चुकलं नाही," ते म्हणाले, "ते सिंगल पुशआउटवाले आहेत."

चित्रवाल्यांची मोठी अडचण अशी होती की चित्र बोलत नाही. सूत्रातली प्रक्रिया आपण होऊन सांगते, मला नाणं घेता येतं, मला चहा देता येतो. चित्र नुसतं बदलतं. मग दोन चित्रं सारखी वागतात हे पाहायचं कशावरून? २००० साली लायफर आणि मिलनर यांनी वाट दाखवली: ती गोष्ट हलण्यासाठी बाहेरून कमीत कमी काय आणून द्यावं लागतं ते पाहा, तीच तिची ओळख. २००४ साली एरिग आणि बार्बरा क्यॉनिग यांनी हे चित्रांना लावून दिलं. चित्रात नियमाचा अर्धाच भाग सापडतो. उरलेला भोवतालाकडून उसना घ्यायचा, आणि काय उसनं घेतलं ते टिपून ठेवायचं. दोन चित्रं प्रत्येक पावलाला तेच उसनं मागत असतील आणि पुढेही तशीच वागत असतील, तर एकाच्या जागी दुसरं बिनधास्त बसवा. भोवतालाला पत्ता लागणार नाही. काँग्रुअन्स आयता पदरात.

सरांनी हे वाचलं आणि आयुष्यात उतरवलं. ते आमच्याकडे साखर मागायला येतात ती दीड चमचा. "वाटीभर न्या हो," म्हटलं तर दचकतात. "दीड चमच्यात चहा होतोय. वाटी घेतली तर ते किमान कसं राहील?" दीड चमचा साखर, चार लवंगा, मेणबत्ती नको, फक्त काडी. आणि सोसायटीत कोण कुणाकडे काय मागतं, याची त्यांनी एक वही घातली आहे. घरात डोकावायचं नाही, ते टाऊ. पण दाराबाहेर येऊन माणूस काय मागतो हे मात्र अगदी तारीखवार.

गेल्या आठवड्यात ते वही घेऊनच आले. आमची ही दारात उभी. "वहिनी, एक आनंदाची बातमी. तुमची नोंद अशी आहे: शिडी, दही विरजणाला, शिडी, पक्कड, शिडी. आणि सी विंगमधल्या चौथ्या मजल्यावरच्यांची? शिडी, विरजण, शिडी, पक्कड, शिडी. परत करण्याचा क्रमसुद्धा जुळतो. पक्कड दोघांनीही परत केलेली नाही. उद्या तुम्ही त्यांच्या घरात आणि ते तुमच्या घरात राहायला गेले, तर सोसायटीला समजणारसुद्धा नाही!"

हिनं क्षणभर विचार केला. "त्यांचा मेंटेनन्स मार्चपासून थकलाय म्हणतात," ती म्हणाली. "घरं बदलल्यावर तो कुणी भरायचा?"

सरांनी चष्मा कपाळावर चढवला, वही चाळली, पुन्हा मिटली.

"थकबाकी बाहेर दिसते का, ते पाहावं लागेल," ते म्हणाले आणि नोटीस बोर्डाकडे निघाले. जाताना शिडी घेऊन गेले. बोर्ड उंचावर आहे.